कुत्र्याचा इन्शुरन्स: पॉलिसी निवडताना नक्की काय बघायचं?

झुळूक:
नमस्कार मंडळी. घरात दोन कुत्री आहेत आणि दोघांचा इन्शुरन्स काढायचाय. सुलतान चार महिन्यांचा लॅब, लसी चालू आहेत, तब्येत ठणठणीत. राणी मिक्स, दत्तक घेतलेली, दात बघून डॉक्टर पाच वर्षांच्या आसपासची म्हणतात, तिला मधूनमधून खाज येते आणि एकदा कान सुजला होता. सध्या पॉलिस्या वाचून वाचून डोकं भणभणलंय. प्रत्येक ठिकाणी वर मोठ्या अक्षरात एक रक्कम दिलेली असते की इतक्यापर्यंत कव्हर, आणि मी त्या रकमा शेजारी शेजारी लिहून काढल्या, पण काल नवऱ्याने विचारलं की ही रक्कम दर वर्षाला आहे, दर आजाराला आहे की आख्ख्या आयुष्याला आहे, आणि तिथेच गाडी अडली. ज्यांनी खरोखर क्लेम केलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. मला वाचायला वेळ आहे.

रानजाई:
झुळूकताई, नवऱ्याने बरोबर जागी बोट ठेवलंय. मी गेली बरीच वर्षं कुत्री पाळतेय आणि माझ्या मते पॉलिसीत हा एकच प्रश्न आधी सोडवायचा, बाकीचं सगळं नंतर.

ढोबळमानाने चार प्रकार बघायला मिळतात. पहिला फक्त अपघाताचा: गाडीखाली आलं, उंचावरून पडलं, पाय मोडला, कुणी चावलं. आजारपण यात नाही. प्रीमियम सगळ्यात कमी असतो तो यामुळेच. दुसरा मुदतीचा, म्हणजे आजार सुरू झाला की त्या दिवसापासून साधारण १२ महिने त्याचा खर्च मिळतो, मग तो आजार कायमचा बाहेर. तिसरा दर आजाराला ठरावीक रक्कम, वेळेचं बंधन नाही पण ती रक्कम संपली की त्या आजारापुरतं दार बंद. चौथा तो ज्याला लाइफटाइम म्हणतात, यात दर रिन्युअलला रक्कम पुन्हा भरून येते आणि जुना चालू आजारही पुढच्या वर्षी कव्हर होतो, अट एकच की पॉलिसी एकही दिवस न तुटता चालू राहिली पाहिजे.

आता कुत्र्यांचे आजार कसे असतात बघा. पाय मोडला तर एकदाच खर्च, प्लेट घातली, टाके काढले, झालं. पण खाजेची ॲलर्जी, डायबेटिस, फिट येणं, थायरॉइड, सांधेदुखी, हार्टचा त्रास हे सगळे एकदा आले की शेवटपर्यंत सोबत राहतात. डायबेटिसच्या कुत्र्याला बहुतेक वेळा दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं, आयुष्यभर. तिथे मुदतीची पॉलिसी पहिल्या वर्षी छान पैसे देते आणि दुसऱ्या वर्षी हात वर करते, तेही नियमानुसार. म्हणून वरची मोठी रक्कम बाजूला ठेवा आणि कंपनीला लेखी विचारा: "माझ्या कुत्र्याला या वर्षी डायबेटिस झाला तर पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही किती द्याल?" या एका उत्तरावर पॉलिसी कुठल्या प्रकारातली आहे ते कळतं, नाव काहीही असो. नावं फार फसवी असतात, गोल्ड, प्लॅटिनम वगैरेवरून काही बोध होत नाही.

खडू:
+१ रानजाई. लेखी विचारा हे तर दहादा +१. फोनवर सगळेच हो म्हणतात.

दगडफूल:
मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नका. मी इन्शुरन्स काढला नाही. जेवढा प्रीमियम गेला असता तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकतो आणि त्या खात्याला हात लावत नाही. फॉर्म नाही, वेटिंग पिरियड (पॉलिसी घेतल्यावर कव्हर सुरू होईपर्यंत थांबायचे दिवस) नाही, कोणता आजार आधीचा होता यावर वाद नाही, आणि कुत्रं निरोगी राहिलं तर पैसे घरातच. माझा कुत्रा मिक्स आहे, अंगाने बारीक, आता वयस्कर झालाय आणि खात्यात चांगली रक्कम जमलीये. तर झुळूक यांनी हाही पर्याय विचारात घ्यावा असं वाटतं.

शाईदौत:
दगडफूल, राग कशाला. तुमचा मार्ग चांगलाच आहे, पण त्यातली एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. असं खातं भरायला वर्षं लागतात आणि पिल्लू मोजे गिळायला वर्षभर थांबत नाही. पहिल्या दीड-दोन वर्षात मोठं ऑपरेशन आलं तर खातं रिकामंच असतं. ज्याच्याकडे आजच्या आज एका मोठ्या ऑपरेशनचे पैसे बाजूला काढलेले आहेत त्याने खुशाल स्वतःच बचत करावी. ज्याच्याकडे नाहीत आणि ज्याला पैशामुळे डॉक्टरांना "नको" म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही त्याने इन्शुरन्स घ्यावा. प्रीमियम भरून शेवटी फायदा झाला का तोटा हा हिशोब मांडू नये, कारण बहुसंख्य लोकांना भरलेल्यापेक्षा कमीच परत मिळतं, नाहीतर कंपनी चालणारच नाही. आपण विकत घेतोय ती एक वाईट रात्र निभावून नेण्याची ताकद.

मी काही वर्षं पेट इन्शुरन्सच्या क्लेमचं काम केलंय, कंपनीचं नाव लिहीत नाही. आता त्यात नाही त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

क्लेम आला की आम्ही पहिलं काय मागवायचो? कुत्र्याची आख्खी मेडिकल हिस्टरी, पहिल्या लसीपासूनची, जितक्या डॉक्टरांकडे गेलात त्या सगळ्यांची. आणि मग त्यात शोधायचं की या आजाराचं लक्षण पॉलिसी सुरू व्हायच्या आधी किंवा वेटिंग पिरियडमधे कुठे लिहिलंय का. लक्षण म्हणतोय, निदान नाही. हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांनी सहज लिहिलेलं असतं "मालक म्हणतात मागच्या पायाने कधीकधी लंगडतो, तपासणीत काही आढळलं नाही", आणि दोन वर्षांनी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं की ती एक ओळ समोर येते. मालक म्हणतो अहो तेव्हा काही आजारच नव्हता. पण पॉलिसीत व्याख्याच अशी असते की आजाराची खूण दिसली होती म्हणजे तो आधीपासूनचा.

दुसरी गोष्ट, दोन्ही बाजूंचा नियम. शरीरात जे अवयव जोडीने असतात, गुडघे, खुबे, कोपर, डोळे, कान, त्यातल्या एका बाजूला आधी त्रास झाला असेल तर दुसरी बाजूही आधीपासूनच्या आजारात धरतात. सगळ्या कंपन्या नाही, पण बऱ्याच. आणि हे कलम फार महागात पडतं कारण गुडघ्याचा लिगामेंट एका पायाचा तुटलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्म्यांचा पुढे दुसऱ्या पायाचाही तुटतो. झुळूक, राणीचा जो एक कान सुजला होता तो कोणता, आणि फाइलमधे काय लिहिलंय, ते आधी बघून घ्या.

झुळूक:
बापरे. डावा कान होता. फाइल माझ्याकडे नाही, दवाखान्यात असेल. मग राणीचा इन्शुरन्स काढण्यात अर्थच नाही का? आणि सगळी हिस्टरी मागितली तर डॉक्टर देतात का, त्यांना वाटायचं मी त्यांच्यावर संशय घेतेय.

कोरफड:
मी व्हेट आहे. हिस्टरी मागा, बिनधास्त मागा, आम्हाला त्यात काही वाटत नाही. उलट पॉलिसी घ्यायच्या आधी मागितली तर आम्हालाही बरं, क्लेम अडकल्यावर मालक आणि कंपनी दोघंही आमच्या डोक्यावर बसतात.

एक कळकळीची विनंती मात्र. फाइलमधून अमुक ओळ काढा किंवा तारीख पुढची टाका असं कोणी आम्हाला सांगू नका. ती खोटी नोंद होते, पकडली गेली तर क्लेम तर जातोच पण पॉलिसीच रद्द होते, आणि पुढच्या डॉक्टरला चुकीची माहिती मिळून त्रास कुत्र्यालाच. याच्या उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: पॉलिसीच्या भीतीने लक्षण लपवून ठेवू नका. "आता डॉक्टरकडे नेलं तर नोंद होईल, वेटिंग संपू दे" म्हणून लोक थांबतात. गोचिडाचा ताप असेल आणि आठ-पंधरा दिवस थांबलात तर प्लेटलेट इतक्या खाली जातात की कुत्रं हाती लागत नाही. असं होताना मी पाहिलंय.

राणीबद्दल. खाज येते म्हणजे ॲलर्जीच असं नाही. पिसवा, खरूज, बुरशी, खाण्यातलं काही, यातलं काहीही असू शकतं आणि यातलं बरंचसं पूर्ण बरं होतं. फाइलमधे नुसतं "खाज" राहिलं तर कंपनी त्वचेचं सगळंच बाहेर काढू शकते. त्यामुळे नीट तपासणी करून निदान करून घ्या. पिसवांमुळे खाज होती, औषध दिलं, थांबली, असं लिहिलेलं असेल तर बाजू एकदम वेगळी होते. खऱ्या ॲटोपिक ॲलर्जीची (धूळ, परागकण अशा आजूबाजूच्या गोष्टींची) लक्षणं बहुतेक कुत्र्यांत सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होतात, पाचव्या वर्षी पहिल्यांदा खाज सुटली असेल तर मी आधी बाकीची कारणं शोधीन.

शाईदौत:
कोरफड यांच्या मुद्द्याला जोडून. काही पॉलिस्यांत बरा होणारा आणि बरा न होणारा असा भेद असतो. बरा होणारा आजार ठरावीक काळ, कुठे सहा महिने, कुठे एक वर्ष, कुठे दोन, लक्षण किंवा औषधाशिवाय गेला तर पुन्हा झाल्यावर नवीन धरतात. काहींत असं काही नसतं, एकदा बाहेर ते बाहेर. राणीसाठी हेच कलम शोधत पॉलिसी निवडा. कान आणि त्वचा बाहेर राहिली तरी अपघात, पोट, किडनी, कॅन्सर हे सगळं आत असतंच की. अर्थ नाही असं अजिबात नाही.

आणि एक करता येतं, कमी लोकांना माहिती आहे. सगळी हिस्टरी कंपनीला आधीच पाठवून विचारायचं की यातलं तुम्ही काय काय वगळणार ते लिहून द्या. सगळ्या कंपन्या देत नाहीत पण ज्या देतात त्यांच्याकडे नंतर धक्का बसत नाही.

बकुळ:
मला वाटतं डिडक्टिबल आणि को-पे यावर कोणी लिहिलंच नाही, तिथेच खरी गंमत आहे. सोपं करून लिहिते. बिल १०० रुपये धरा. डिडक्टिबल २०, म्हणजे पहिले २० तुमचे. को-पे २० टक्के, म्हणजे उरलेल्यातला पाचवा हिस्सा तुमचा. आधी डिडक्टिबल वजा केला तर १०० - २० = ८०, त्याचे ८० टक्के म्हणजे ६४ हातात येतात. पण कंपनीने आधी को-पे लावला तर १०० चे ८० टक्के ८०, त्यातून २० वजा, हातात ६०. आकडे तेच, फक्त क्रम बदलला की पैसे कमी. क्रम पॉलिसीत लिहिलेला असतो, शोधावा लागतो.

त्याहून मोठा फरक म्हणजे डिडक्टिबल वर्षाला एकदा आहे की दर आजाराला की दर भेटीला. खाजेसाठी वर्षात सहा वेळा दवाखान्यात गेलात आणि दर भेटीला पहिले २० तुमचेच असतील, आणि भेटीचं बिलच २५ असेल, तर त्या पॉलिसीचा त्या आजाराला उपयोग जवळपास शून्य. वर्षाला एकदा असेल तर दुसऱ्या भेटीपासून चांगले पैसे येऊ लागतात. मी माझ्या डिडक्टिबलचा आकडा मुद्दाम मोठा घेतलाय, वर्षाला एकदाच लागणारा, त्यामुळे प्रीमियम खाली आला. किरकोळ बिलं मी भरते, मोठं संकट कंपनीवर.

आणि आतल्या उपमर्यादा बघाच. वर मोठी रक्कम असते आणि आत बारीक अक्षरात एमआरआयला इतकेच, ऑपरेशनला इतकेच, डॉक्टरांच्या तपासणी फीला शून्य. तपासणी फी दर भेटीला असते, ती धरली आहे की नाही याने वर्षाअखेर बराच फरक पडतो.

दगडफूल:
बकुळ, उदाहरण फार छान. मोठा डिडक्टिबल आणि किरकोळ बिलांसाठी आपलं खातं, हे मला पटतंय. पुढचं कुत्रं घेतलं तर मी असंच करीन, पिल्लूपणीच पॉलिसी आणि शेजारी खातं.

खडू:
सुलतान लॅब आहे ना? मग जातीप्रमाणे काय धोके असतात ते कोरफड सांगतील का? माझ्याकडे पग आहे, त्याचंही लिहा ना.

कोरफड:
सांगते, जेवणाची सुट्टी आहे.

कुत्र्याचा विमा ही अलीकडची टूम आहे असं वाटतं पण स्वीडनमधे पहिल्या कुत्र्याचा विमा १९२४ साली उतरवला गेला. तिथे कुत्र्यांचा विमा इतका सर्रास आहे की कंपनीकडे साठलेल्या क्लेमच्या माहितीवरून कोणत्या जातीला कोणता आजार कितव्या वर्षी होतो यावर उत्तम संशोधन झालंय. म्हणजे कंपन्यांना तुमच्या जातीचे धोके नीट माहीत असतात, प्रीमियम त्यावरच ठरतो. मग मालकालाही माहीत असायला हवेत.

लॅब: खुबा आणि कोपर यांचा डिस्प्लेसिया, म्हणजे सांधा नीट न बसणं. गुडघ्याचा लिगामेंट. वजन. आणि गिळणं! लॅबच्या भुकेमागे जनुकही आहे, २०१६ मधे केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमधे पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री खाण्यासाठी जास्त हपापलेली असतात. मोजे, चेंडू, मक्याचं कणीस, दगड, काहीही आतड्यात अडकतं. म्हणून लॅबच्या पॉलिसीत दोन गोष्टी हव्यातच: आनुवंशिक आणि जन्मजात आजारांचं कव्हर स्पष्ट शब्दात, आणि गिळलेली वस्तू काढण्याचं ऑपरेशन. काही कंपन्या दुसऱ्यांदा गिळलं तर पैसे देत नाहीत, म्हणतात मालकाने काळजी घ्यायला हवी होती. ते कलम बघा.

पग, बुलडॉग वगैरे चपट्या नाकाची: श्वासमार्गाचं ऑपरेशन, डोळ्याला जखम, त्वचेच्या घड्यांत इन्फेक्शन, उन्हात जीव कासावीस होणं. इथे बरीच पत्रकं "श्वासाच्या त्रासाचं कव्हर" म्हणतात आणि आत जन्मजात रचनेमुळे होणारा त्रास वगळतात. पगचा श्वासाचा त्रास तर जवळपास सगळाच रचनेमुळे असतो. खडू, तुमच्या पगसाठी बाकी काही वाचलं नाही तरी हे वाचा.

डॅशहुंड: पाठीच्या मणक्यातली गादी सरकणं, ऑपरेशन आणि एमआरआय दोन्ही महाग, उपमर्यादा बघा. जर्मन शेफर्ड: खुबा, पचन. ग्रेट डेनसारखी खोल छातीची मोठी कुत्री: पोट फुगून त्याला पिळा पडतो, काही तासात ऑपरेशन झालं नाही तर कुत्रं जातं, रात्री-अपरात्रीच्या इमर्जन्सी फीचं कव्हर त्यांना हवंच. कॅव्हेलियर किंग चार्ल्स: हार्टची झडप, म्हणजे वर्षानुवर्षं औषध, म्हणजे लाइफटाइमच घ्या. लहान जाती: गुडघ्याची वाटी सरकणं आणि दात. दातांचं कव्हर अपघातापुरतंच असतं की हिरड्यांच्या आजाराचंही, ते विचारा. तीन वर्षांची होईतो बहुतेक कुत्र्यांना हिरड्यांचा थोडाफार आजार असतो, आणि कव्हर असलं तरी दरवर्षी दातांची तपासणी केल्याची नोंद मागतात.

मादीची नसबंदी केली नसेल तर गर्भाशयात पू होण्याचा धोका, माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांत. नसबंदीचा खर्च सहसा मिळत नाही पण हा आजार बऱ्याच पॉलिस्यांत धरतात. राणीची झालीये ना?

झुळूक:
हो, दत्तक देणाऱ्यांनीच करून दिली होती. कागद आहे.

सुलतानच्या खुब्याचा एक्सरे आत्ताच काढून घ्यावा का? म्हणजे काही निघालं तर आधीच कळेल. पण मग निघालं तर ते आधीपासूनचं होणार ना? फार विचित्र वाटतंय हे, तब्येतीसाठी तपासायचं की पॉलिसीसाठी थांबायचं.

शाईदौत:
लंगडत नाहीये, उठताना-बसताना त्रास नाही, तर क्रम सोपा आहे: पॉलिसी आज घ्या, वेटिंग जाऊ द्या, मग हवी ती तपासणी करा. यात काही लपवाछपवी नाही, निरोगी पिल्लाचा विमा निरोगी असतानाच काढायचा असतो. लंगडत असेल तर मात्र आधी डॉक्टर, विमा गेला तरी चालेल.

वेटिंग पिरियड तीन वेगवेगळे असू शकतात हे ध्यानात ठेवा. अपघाताला काही दिवस किंवा अजिबात नाही, आजाराला बऱ्याच ठिकाणी १४ ते ३० दिवस, आणि गुडघा-खुबा यांना कुठे कुठे थेट सहा महिने. काही कंपन्या डॉक्टरांकडून सांधे तपासून सर्टिफिकेट दिलं तर हे सहा महिने कमी करतात.

कोरफड:
सहमत. शिवाय चार महिन्यांत साध्या एक्सरेवरून खुब्याचं फार काही ठामपणे सांगता येत नाही. सांधा किती सैल आहे ते मोजायची पेनहिप नावाची पद्धत १६ आठवड्यांपासून करता येते, पण त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो आणि भूल किंवा गुंगी द्यावी लागते. नेहमीच्या एक्सरेवरचं अमेरिकेतल्या ओएफए या संस्थेचं पक्कं सर्टिफिकेट तर २४ महिने पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत. सुलतानचं वजन हातात ठेवा, त्याचा सांध्यांना सगळ्यात जास्त फायदा. ४८ लॅबवर त्यांच्या जन्मभर चाललेला एक प्रयोग आहे, २००२ मधे निकाल आले: भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलेली कुत्री मधल्या मापाने (म्हणजे निम्मी याहून जास्त, निम्मी कमी) १३ वर्षं जगली आणि दुसरी ११.२, आणि सांधेदुखीची औषधंही त्यांना बरीच उशिरा लागली.

निवडुंग:
धागा पूर्ण वाचला. माझा अनुभव लिहिते कारण या मुद्द्यावर कोणी आलं नाही. माझ्या मैत्रिणीच्या कुत्रीला तिसऱ्या वर्षी फिट येऊ लागल्या. पॉलिसी होती, पैसे मिळत होते. मग रिन्युअलला प्रीमियम वाढला आणि दुसरीकडे निम्म्यात मिळतोय म्हणून घरच्यांनी कंपनी बदलायचं ठरवलं. नव्या कंपनीसाठी फिट आधीपासूनच्या झाल्या, जुनीने परत घेताना तेच केलं. गोळ्या रोज दोन वेळा चालू आहेत आणि ठरावीक काळाने रक्ताची तपासणी, सगळं खिशातून. तिला हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं म्हणून इथे मोठ्याने सांगतेय: कुत्र्याला एकदा कायमचा आजार लागला की कंपनी बदलता येत नाही, व्यवहारात तरी. त्यामुळे पहिल्यांदा घेतानाच कंपनी अशी बघा की वय वाढल्यावर प्रीमियम किती वाढतो, आठ-दहा वर्षांच्या कुत्र्याला को-पे किती लागतो, आणि ती रिन्युअल नाकारू शकते का. आजच्या पिल्लाचा प्रीमियम सगळेच स्वस्त दाखवतात. त्याच जातीच्या दहा वर्षांच्या कुत्र्याचा आजचा प्रीमियम काय आहे ते विचारा, मग खरं चित्र दिसतं.

रानजाई:
निवडुंगताई, शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे, दहा वर्षांच्या कुत्र्याचा प्रीमियम विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. मैत्रिणीच्या पिल्लूला बरं वाटू दे.

झुळूक, राणीसाठी वयाची अटही लगेच बघा. काही कंपन्या सात-आठ वर्षांच्या पुढे नवीन कुत्रं घेतच नाहीत, मोठ्या जातींना तर त्याआधीच थांबवतात. आणि तिचं वय अंदाजे असल्यामुळे डॉक्टरांकडून वयाचा लेखी अंदाज घेऊन तोच सगळीकडे द्या.

खडू:
तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचं कव्हर घ्यावं का? माझा पग कोणाला काय करणार म्हणून मी ते काढून टाकणार होतो.

बकुळ:
नका काढू. चावणं एवढंच त्यात नसतं. पट्टा सुटला, रस्त्यात धावला, दुचाकीवाला त्याला चुकवताना पडला आणि हात मोडला, तर जबाबदारी तुमची येऊ शकते, आणि माणसाच्या उपचाराचा खर्च कुत्र्याच्या कुठल्याही ऑपरेशनपेक्षा मोठा होऊ शकतो. या कव्हरचा प्रीमियम सहसा थोडासाच असतो. फक्त घरातल्या माणसांना झालेली इजा यात धरत नाहीत, आणि आधी कोणाला चावल्याची नोंद असेल किंवा काही ठरावीक जाती असतील तर नाकारतात. तुमच्या घराच्या विम्यात हे आधीच असेल तर दुसऱ्यांदा पैसे भरू नका.

शाईदौत:
आणखी एक, कारण यावरून बरेच क्लेम पडलेले पाहिलेत: लसी. पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टो, रेबीज, म्हणजे ज्यावर लस आहे असा आजार झाला आणि लस वेळेवर दिलेली नसेल तर क्लेम नाही. आठवडा-दोन आठवडे उशीर झाला तरी कंपनी बोट दाखवते. लसीच्या पुस्तकातल्या पानांचे फोटो काढून ठेवा, स्टिकर आणि डॉक्टरांची सही दिसेल असे. बिलंही मोघम नकोत. "औषधं" असं एका ओळीत न लिहिता कोणतं औषध, किती, कशासाठी, कोणत्या तारखेला, असं मागून घ्या. क्लेम पाठवायची मुदत असते ती चुकवू नका.

आणि पैसे कसे मिळतात तेही आधी विचारा. बहुतेक ठिकाणी तुम्ही आधी भरायचे आणि कंपनी नंतर देणार. थेट दवाखान्याला देणाऱ्या कंपन्या कमी, आणि तेही ठरलेल्या दवाखान्यातच. म्हणजे पॉलिसी असली तरी इमर्जन्सीला हाताशी रोकड किंवा कार्ड लागतंच. दगडफूल यांचं खातं इथे कामाला येतं.

कोरफड:
विषबाधेचंही विचारा, ती काही कंपन्या अपघातात धरतात, काही आजारात, आणि वेटिंग त्याप्रमाणे बदलतं. उंदराच्या औषधाचे बरेच प्रकार रक्त गोठू देत नाहीत आणि त्याची लक्षणं खाल्ल्यावर तीन ते पाच दिवसांनी दिसतात. म्हणजे पॉलिसी चालू झाल्याच्या दिवशी खाल्लं आणि चार दिवसांनी रक्तस्राव झाला तर तारखेवरून वाद होऊ शकतो. पण पॉलिसीचं राहू दे, खाताना पाहिलंत तर लक्षणांची वाट बघू नका, पाकीट हातात घेऊन तडक दवाखान्यात या. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल, यांनाही हेच लागू.

झुळूक:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं बारकाईने लिहिलंत. मी आत्तापर्यंत ठरवलंय ते असं: सुलतानला लाइफटाइम, आनुवंशिक आजारांसकट, वर्षाला एकदाच लागणारा मोठा डिडक्टिबल आणि तिसऱ्या माणसाचं कव्हर. राणीसाठी आधी डॉक्टरांकडे जाऊन खाजेचं नीट निदान, आख्खी फाइल, मग दोन कंपन्यांना ती फाइल पाठवून काय वगळणार ते लेखी मागणार. निवडुंग यांनी सांगितलेला दहा वर्षांच्या लॅबचा प्रीमियम आज तिन्ही ठिकाणी विचारला. जी कंपनी पिल्लाला सगळ्यात स्वस्त होती तीच दहाव्या वर्षी सगळ्यात महाग निघाली, ती यादीतून काढली.

एकच राहिलं. फॉर्ममधे मायक्रोचिपचा (कातडीखाली घालतात त्या ओळखीच्या चिपचा) नंबर मागतायत. सुलतानला चिप ब्रीडरने घातलीये, राणीला नाही. चिप सक्तीची असते का?

कोरफड:
बऱ्याच कंपन्या मागतात, कारण क्लेमचं कुत्रं आणि विम्याचं कुत्रं एकच आहे याची खात्री दुसरी कशाने होणार, दोन काळे लॅब फोटोत सारखेच दिसतात. राणीला खाजेसाठी आणाल तेव्हाच घालून घ्या, इंजेक्शनसारखंच असतं, भूल लागत नाही. सुलतानची चिप स्कॅनरवर वाचून बघायला सांगा, कधीकधी ती जागेवरून सरकते. आंतरराष्ट्रीय मानकाचा नंबर १५ आकडी असतो. पॉलिसीचा कागद हातात आला की त्यावरचा एकेक आकडा स्कॅनरवरच्या नंबरशी जुळवून घ्या, आणि ब्रीडरच्या नावावरची नोंद तुमच्या नावावर करून घ्या.

झुळूक:
घेते. शनिवारची वेळ मिळालीये दोघांची. राणीचं निदान आणि कंपन्यांची उत्तरं आली की इथेच लिहिते.